खवले मोजता येतील असा कतला

"काढा म्हणते ना ते जाळं तिथून! जवाईबापू आत टीव्हीपुढे घामाघूम होऊन राह्यले, अन् तुम्ही डिशवर जाळं वाळू घालून राह्यले?"

आई ओरडत होती. आईचा आवाज असा, की तिने आमच्या अंगणात तोंड उघडलं की तीन कोसांवरच्या मूल गावच्या बाजारात बायका पिशव्या सावरून घरी निघत. त्यांना वाटे, आपल्याच घरून बोलावणं आलं. समोर न्हाणीच्या भिंतीला लावलेली टीव्हीची डिश, डिशवर बाबांचं फेकायचं जाळं, जाळ्याच्या काठाला ओवलेले शिशाचे मणी, आणि त्या भाराने डिशने अशी मान खाली घातलेली, की जणू आई बाबांना नव्हे, तिलाच बोलत होती.

"वाळू दे ना," बाबा म्हणाले. "ओलं जाळं कुजते."

"पाऊस पडून राह्यला जी! पावसात कोन वाळू घालते?"

बाबांनी आभाळाकडे पाहिलं आणि पाऊस आत्ताच दिसला असं तोंड केलं. सकाळपासून पडत होता.

आतून मोठ्या जावयाचा आवाज आला. माझ्या थोरल्या बहिणीचा हा नवरा माजरीच्या कोळसा खाणीत होता आणि घरातल्या सगळ्या बटणांचा धनी होता. "सिग्नल गेला! दहाच मिनटं राह्यले!"

दहा मिनिटांनी टीव्हीवर बाबा येणार होते. बाबांबरोबर त्यांनी पकडलेला कतला मासा येणार होता. आणि त्या माशाच्या लांबीवर बाबांचं पहिलं जाळं राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

आमच्या गावात चैत्रात तलावाचं पाणी ओसरलं की एका ठरल्या दिवशी सगळी मच्छीमार सोसायटी पाण्यात उतरते. पण त्याआधी नारळ फुटतो आणि एकच माणूस एकच जाळं टाकतो. तेच पहिलं जाळं. त्यात जो सगळ्यात मोठा मासा येईल त्याची लांबी त्या माणसाने काठावरच्या लोकांना ओरडून सांगायची. लोक विचारतात, "केवढा?" तो सांगतो. मासा जेवढा मोठा, तेवढं वर्ष चांगलं.

हा मान आजोबांकडून बाबांकडे आला आणि बाबांनी तो असा सांभाळला, की आमच्या तलावाला एकही वाईट वर्ष आलं नाही. वीतभर रोहू निघाला तर बाबा ओरडत, "हातभर!" हातभर निघाला तर, "धरा रे मले, घेऊन चालला!" मग बायका पदर तोंडाला लावून हसत, ढोलकी कडाडे, आणि म्हातारे लोकसुद्धा अशा जोशात पाण्यात उड्या टाकत, की तलावाचं पाणी बाहेर सांडून खालच्या चार बांध्यांतला उन्हाळी धान भिजून निघे. मी स्वतः पाहिलं आहे.

याला गावात एकाच माणसाची हरकत होती, आणि तो आईचा सख्खा भाऊ होता. मामांचं घर तलावाच्या पलीकडच्या काठाला. मामांनी जन्मात 'जवळजवळ' हा शब्द वापरला नाही. जाळ्यातला प्रत्येक मासा ते अंगठ्याने मोजत. माशाच्या तोंडाशी अंगठा आडवा ठेवायचा, त्याला लागून पुन्हा अंगठा, असं शेपटीपर्यंत. "अकरा अंगठे." संपलं. बाजारातले व्यापारी मामांच्या अंगठ्यापुढे तराजू उचलत नसत. मामांच्या लग्नात पंगतीला किती माणसं होती असं कोणी विचारलं, तर ते आजही सांगतात, आणि त्यात जेवण अर्धवट टाकून उठलेले दोन वेगळे सांगतात.

तर, त्या वर्षी चैत्रात, मासेमारीच्या आधी, शूटिंगवाले आले. आले होते वाघासाठी. आठ दिवस जंगलात बसले. आमचा वाघ मोठा मानी, न विचारता आलेल्या पाहुण्यांना भेटत नाही. नवव्या दिवशी ते वैतागून म्हणाले, जाऊ द्या, मासा तरी दाखवा. कोणीतरी बाबांचं घर दाखवलं. सकाळच्या उन्हात बाबा त्यांना लाकडी डोंग्यात बसवून तलावाच्या दूरच्या टोकाला घेऊन गेले, जाळं टाकलं, आणि कतला लागला. शूटिंगवाल्यांनी त्याचं चारी बाजूंनी शूटिंग केलं. मग रेस्ट हाउसवर नेऊन तळून खाल्ला.

म्हणजे माशाला पाहणारा गावातला माणूस एकच, बाबा. आणि पुरावा शूटिंगवाल्यांच्या पोटात.

त्या दिवशी बाबा घरी आले तेव्हा कतला हातभर होता. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर दीड हात झाला. वैशाखात तो बाबांच्या कमरेला लागला. धानाचे परहे, म्हणजे रोपं, टाकेपर्यंत डोंगा त्याच्या भाराने कलला होता आणि दोन शूटिंगवाले पाण्यात पडले होते. आषाढात तो बाबांच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पोहोचला आणि तिथे जरा थांबला. आमच्या घरचे मासे मेल्यावर वाढतात. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. मी तेच खाऊन मोठी झाले.

सोसायटीच्या बैठकीत मामांनी विषय काढला.

"भाऊजी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत?"

"व्हय."

"टीव्हीवर येईन म्हणता?"

"येईन ना. मावला तं येईन."

"मंग पाहू. तेवढा निंगाला तं पहिलं जाळं तुमचं, मी पुन्हा बोलनार नाई. नाई निंगाला, तं येत्या चैत्रात खरं सांगनारा मानूस जाळं टाकीन."

सगळे बाबांकडे पाहू लागले. दुसरा कोणी असता तर गुडघ्यावरून थोडा वर सरकला असता. बाबा म्हणाले, "मंजूर!"

पंधरा दिवसांनी शूटिंगवाल्यांचं पत्र आलं. कार्यक्रमाची तारीख, वेळ, चॅनल. वेळ दुपारी साडेअकराची, आणि दिवस ऐन धान रोवण्याचे. त्या वेळी आमचं गाव गुडघाभर चिखलात वाकलेलं असतं. टीव्हीवर प्रत्यक्ष देव आला असता तरी लोक म्हणाले असते, बांधावर बस, ही बांधी संपवून येतो. म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड करायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना दाखवायचा. पण कसा? त्यावर आमच्या छपरीत मोठी सभा झाली.

आधी निवृत्त गुरुजी बोलले. गावातला एकमेव व्हीसीआर त्यांचा. "माझ्याकडे यंत्र आहे. कॅसेट मात्र एकच आहे. त्यावर मुलीचं लग्न आहे. सौ. म्हणते, जेवणावळ पुसा, मंगलाष्टकांना हात लावू नका." त्या व्हीसीआरवर मी ते लग्न पाहिलं होतं. नवरा-नवरी सोडा, हत्ती जरी मांडवात आला असता तरी कोणाचा तरी मामा म्हणून खपला असता. चित्र मच्छरदाणीतून पाहिल्यासारखं दिसे.

मग मी बोलले. मी तेव्हा मूलला शाळेत शिकवत होते आणि नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्यात टीव्हीचं कार्ड बसवलं होतं. वायर लावा, बटण दाबा, रेकॉर्डिंग तयार. दुकानदार खोटं बोलला नव्हता. फक्त चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं येई, आणि आवाज इतका मागून, की बातम्या सांगणारी बाई नमस्कार करून निघून गेल्यावर बोलायला लागे.

"माझा मासा तिकिटावर?" बाबा गरजले. "पत्राले चिकटवता का त्याले?"

शेवटी जावई पुढे सरकला. नव्या शतकाचं पहिलं दशक संपायला आलं होतं आणि हाय डेफिनेशन नावाची चीज नुकतीच माजरीपर्यंत आली होती. जावयाने भिंतीवरचा चपटा टीव्ही घेतला होता आणि त्यासोबत रेकॉर्डिंगचा डबा. त्याने डब्याचं वर्णन असं केलं, की त्याच्या पोटात एक चकती आहे, वेळ लावून ठेवली की तो आपोआप कार्यक्रम गिळतो. मग हवं तेव्हा दाखवतो. मध्येच थांबवता येतो, मागे नेता येतो.

"बाहेर काढता येतं का? कॅसेटवर?" गुरुजींनी विचारलं.

"नाई जी. गिळलेलं देत नाई. दुसऱ्या डब्यावर चालत नाई. महिन्याचे पैसे नाई भरले तं आपल्यालेही दाखवत नाई. पिवळी वायर लावून डीव्हीडीवर उतरवता येते, पन मंग ते हाय डेफिनेशन राहत नाई, साधं होते."

"अजगर आहे मग," गुरुजी म्हणाले.

"अजगर चालन," बाबा खूश होऊन म्हणाले. "मोठा टीव्ही, मोठा मासा. आना तो डबा. पन हे डेफिनेशन म्हंजे काय व्हय?"

"म्हंजे जे जसं हाये तसंच दिसते, बाबा. लाखो ठिपके असते. फसवाफसवी नाई. मासा हाये तेवढाच दिसन. खवलं मोजता येईन."

बाबांनी सुपारी तोंडात टाकली, ती चघळली, आणि मग ते म्हणाले, "गुरुजींचा व्हीसीआरच बरा होता म्हनतो मी. जुनी वस्तू इमानदार असते."

पण सभेने हाय डेफिनेशन पास केलं होतं. हात वर करणारा पहिला माणूस मामा.

तर, कार्यक्रमाच्या त्या दिवशी डिशवर जाळं पाहिलं तेव्हा आईला वाटलं, म्हातारा विसरला. आमच्याकडे जाळं वाळायला काहीही चालतं. कुंपण, बैलगाडी, एकदा तर झोपलेला पाहुणा. मला मात्र दिसलं, की बाबांनी जाळं टाकलं नव्हतं, नीट पसरून, मणी एका बाजूला घेऊन घातलं होतं.

आईने जाळ्याचं एक टोक ओढलं. बाबांनी दुसरं धरून ठेवलं. आई जिंकली, पण जाळ्याबरोबर डिशही अर्धी फिरली आणि तिचा नट टपकन न्हाणीच्या मोरीत पडला. आता डिश सोडली की लटकत होती.

मी दारात उभी राहून आतलं बाहेर सांगू लागले. "माजरीकडे फिरवा! आलं! गेलं! थोडं भामरागडकडे! अरे, एवढं नाई, तिकडे पूर आहे!" आई डिश फिरवायची, पण तिचा हात डिशच्या कडेपर्यंतच पुरे. बाबा जाळं तान्ह्या लेकरासारखं उराशी धरून उभे.

तेवढ्यात छत्री घेऊन मामा आले. रोवणं सोडून, पायाला चिखल. त्यांनी डिश पाहिली, बाबांच्या हातातलं जाळं पाहिलं, आणि न्हाणीजवळचा ड्रम पालथा घालून त्यावर चढले.

"कुठी धरू?"

"वर... अजून... तिथीच! मामा, हलू नका!" आतून जावई ओरडला. "अन् छत्री डिशवर धरा, तिच्या नाकावर थेंब पडून राह्यला!"

मामा हलले नाहीत. एका हाताने डिश, दुसऱ्या हाताने डिशवर छत्री, आणि स्वतः पावसात. अर्धा तास. इतके स्थिर, की बांधीतला एक बगळा येऊन त्यांच्या खांद्यावर बसला, मासा सापडेल म्हणून खाली पाहत राहिला, आणि कंटाळून उडाला. जावयाने डब्याचा लाल दिवा पेटलेला दाखवला आणि टीव्हीवर टॉवेल टाकला. सगळ्यांसमोरच उघडायचं, मतपेटीसारखं.

दिवस कलताना पाऊस उघडला आणि सोसायटी आमच्या अंगणात जमली, टाचांना वाळलेला चिखल घेऊन. टीव्ही धानाच्या पोत्यांवर मांडला. टॉवेल निघाला. आधी जंगल दिसलं. मग कोळी, पाच मिनिटं नुसता कोळी, आणि त्याच्या पायांवरचे केससुद्धा वेगळे दिसत होते. एक म्हातारी उठून मागे जाऊन बसली. मग आमचा तलाव आला, आणि तलावात बाबा.

"बापा!" आई म्हणाली. "दाढी तं करून जायचं होतं!" एक एक खुंट मोजता येत होता.

टीव्हीतल्या बाबांनी जाळं फेकलं. ते गोल उघडलं, पाण्यावर बसलं, ओढलं गेलं. मागून कोणीतरी म्हणालं, "हाथ आगे, दादा, हाथ आगे!" बाबांनी मासा दोन्ही हातांनी समोर धरला, आणि आमच्या अंगणाने श्वास आत घेतला.

कतल्याने पडदा भरला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत मासा. एकेक खवला ताटलीएवढा, त्यावर पाण्याचे थेंब. आणि त्याच्यामागे, दूर, लहान लेकरासारखे दिसणारे बाबा. गुरुजी उभे राहिले. "अरे, हा तर मगर आहे!"

सगळ्यात मोठं आश्चर्य बाबांच्याच तोंडावर होतं. इतके महिने तो मासा वाढवून वाढवून खरा किती होता हे त्यांनाही आठवत नव्हतं, असं मला वाटतं. ते हळूहळू उठले, छाती भरली, आणि म्हणाले, "कमीच सांगतलं व्हतं मी!"

टाळ्या पडल्या. कोणी म्हणालं, "पहिलं जाळं भाऊंचंच!" आई डोळे पुसू लागली.

"जवाईबापू," मामा म्हणाले. "थांबवता येते म्हनत होते ना तुम्ही?"

"येते."

"थांबवा मंग."

मासा पडद्यावर थिजला. मामांनी हात धोतराला पुसले आणि टीव्हीजवळ गेले. माशाच्या कल्ल्यावर बाबांचा अंगठा होता. दुधीभोपळ्याएवढा. त्याचं नख मधोमध चिरलेलं, लहानपणी डोंग्याखाली सापडून चिरलं होतं ते, आणि चिरेतला मळही स्वच्छ दिसत होता. मामांनी बोटं फाकवून त्या अंगठ्याची रुंदी घेतली. ती माशाच्या तोंडाशी ठेवली. मग पुढे. मग पुढे.

"एक," मामा म्हणाले. "दोन." तिसऱ्यापासून सगळं अंगण त्यांच्याबरोबर मोजू लागलं, आपण काय मोजतोय हे कळायच्या आत आवाज लागला होता. शेपटीशी मामा थांबले.

"सतरा."

सतरा अंगठे. हातभराहून थोडा कमीच.

"भाऊजी, अंगठा दाखवा," मामा म्हणाले. बाबांनी दाखवला. नख तसंच चिरलेलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "मासा तं व्हता ना?"

"मासा व्हता," मामा म्हणाले.

डबा जावयाबरोबर माजरीला गेला. दिवाळीनंतर त्याचा एक महिना भरायचा राहिला आणि डब्याने तोंड मिटलं. कतला आत अडकला तो कायमचा. मी बाबांना मुद्दाम सांगितलं, आता कोणाकडे काही पुरावा नाही. मला वाटलं, मासा पुन्हा वाढायला लागेल. पण तो सतरा अंगठ्यांवरच अडून बसला. बाबा टपरीवर जायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. किती मासे लागले विचारलं तर मोजून सांगायचे. एकदा "चार" म्हणाले, आणि खरोखर चारच निघाले. आई मला फोनवर म्हणाली, "घरात कोनी आजारी हाये असं वाटते बाई. मी बोलते तं मलेच माहा आवाज ऐकू येते."

चैत्रात नारळ फुटला. सगळं गाव काठावर. मी शाळेला रजा टाकून आले होते. बाबा बाभळीखाली पाण्याकडे पाठ करून फाटकं जाळं विणत बसले होते. पहिलं जाळं टाकायला मामा पाण्यात उतरले. काही म्हणा, जाळं त्यांनी सुरेख फेकलं, ताटासारखं गोल. ओढलं. आत एक रोहू उसळला.

ढोलकीवाल्याने हात वर उचलला. काठ ओरडला, "केवढा?"

मामा कमरेएवढ्या पाण्यात वाकले आणि माशाच्या तोंडाशी अंगठा ठेवला. मासा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा पहिल्यापासून. ढोलकीवाल्याचा हात वरच. ऊन चढत होतं. पोरं खाली बसली. मागच्या एका म्हातारीला दिसत नव्हतं, ती हळूच विचारू लागली, "काऊन गप हाये सारे? कोनी बुडलं का?"

मामांचं मोजून झालं. मला त्यांचे ओठ हललेले दिसले. आकडा तयार होता, नेमका होता. त्यांनी मान वर केली. समोर सगळं गाव तोंड उघडं ठेवून उभं, हसायला तयार, उड्या टाकायला तयार. मामा बराच वेळ त्या तोंडांकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाभळीखालच्या त्या पाठीकडे पाहिलं. पाठीने जाळं विणणं थांबवलं होतं.

"केवढा हाये जी?" काठ पुन्हा ओरडला.

मामा नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "भाऊजीले विचारा."